शिरकाव साहेब आणि सुदामचा गुडघा

जालना रोडवर हुरड्याचे फलक लागले की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि माझं तोंड कडू होतं. शहरातली मंडळी गाड्या काढून करमाडच्या बाजूला येतात, खाटांवर मांड्या घालून बसतात, गरम कणसं चोळताना हात भाजले की हसतात, फोटो काढतात. त्यांचं काही चुकत नाही. पण गोवरीचा धूर आणि भाजलेल्या दुधाळ दाण्याचा वास गाडीची काच बंद असली तरी आत येतो, आणि त्या वासाबरोबर माझ्याकडे एक जपानी माणूस येतो. त्याच्या मागून माझा धाकटा भाऊ सुदाम येतो, डावा पाय जरासा आखडत. आता सुदामचा पाय आखडत नाही. त्याचा गुडघा ठणठणीत आहे, आणि तेच तर दुःख आहे.

मी दुभाषी. तरुणपणी अजिंठ्याला येणाऱ्या जपानी यात्रेकरूंना वाट दाखवावी म्हणून संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जपानी शिकले. लेण्यांत काही माझा निभाव लागला नाही. अंधारात तेच तेच सांगून मला स्वतःचाच कंटाळा आला. मग शेंद्र्याच्या एका कारखान्यात जपानी साहेबांचं मराठीत आणि मराठी कामगारांचं जपानीत करण्याची नोकरी मिळाली. त्या कारखान्याच्या कुंपणाआत एक तुकडा आमच्या आजोबांचा होता. ज्या जागी त्यांची ज्वारी उभी असायची, तिथं सुदाम कंत्राटी कामगार म्हणून उभा राहायचा. यावर तो स्वतःच विनोद करायचा: "ताई, आपन काय जमीन सोडली नाय बरं."

ज्या हिवाळ्याचं हे सांगतेय, त्याच्या थोडं आधी कारखान्यात सुरक्षेचं काम बघायला शिराकावा नावाचे साहेब आले. उंच, गालफडं बसलेली, चालताना एका पायावर किंचित जास्त भार. कामगारांना 'शिराकावा' म्हणायला जड गेलं नाही, पण आठवड्याच्या आत त्याचा 'शिरकाव' झाला. शिरकाव साहेब आले, शिरकाव साहेब गेले. एकदा त्यांनी मला विचारलं, या शब्दाला काही अर्थ आहे का? मी सांगितलं, नको तिथं आत घुसणं, बंद जागेत वाट मिळवणं. त्यावर ते गाडीत इतके हसले की ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. कारण इथं येण्याआधी त्या माणसाने अर्धं आयुष्य फक्त एवढंच केलं होतं: कुणाचा शिरकाव होऊ न देणं. ते व्यावसायिक फुटबॉलपटू होते. आपल्या गोलासमोर उभं राहून चालून येणाऱ्याला अडवणारे, बचावपटू.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जे कळलं ते शेंद्रा ते शहर या रोजच्या रस्त्यावर, परतीच्या गाडीत, त्यांच्या तोंडून कळलं. ते मला कधी नावाने हाक मारत नसत. 'त्सूयाकु-सान' म्हणत, म्हणजे दुभाषीबाई. साहेब म्हणजे बंदराच्या गावी, मासळीच्या वासात वाढलेला मुलगा. शाळेचं मैदान बर्फाखाली गेलं की पोरं आधी फावडं घेऊन गोलाची रेघ शोधायची आणि मग खेळायची. पुढे एका दुय्यम संघाने त्यांना घेतलं. तो संघ एकदाच वरच्या वर्गात चढला आणि टिकायला धडपडला. त्याच धडपडीत एका सामन्यात त्यांचा गुडघा मुरगळला. पुढच्या सामन्याआधी संघाच्या डॉक्टरने विचारलं, कसा आहे? त्यांनी सांगितलं, 'दायजोबु'. म्हणजे ठीक आहे, काळजी नको. ते खेळले. गुडघा गेला, आणि संघही खाली उतरला. त्यानंतर कितीतरी वर्षं ते खेळत राहिले, पण उतरणीवरच: या गावच्या संघातून त्या गावच्या, नेहमी थंडीकडच्या, नेहमी तळाशी असलेल्या. हरत असतानाही शेवटपर्यंत ढोल वाजवणारे मूठभर लोक असत, त्यांच्यासाठी खेळायचं. शेवटी मैदानाला एक फेरी मारून चारी बाजूंना वाकून त्यांनी निरोप घेतला, आणि संघामागच्या कंपनीने त्यांना नोकरी दिली. त्यांच्याकडे तशी रीत होती. कंपनी आपल्या माणसाला रस्त्यावर सोडत नाही, हे ते इतक्या सहज सांगायचे की जसं आपण सांगतो, सूर्य पूर्वेला उगवतो.

"गोल करणाऱ्याचं काम सगळ्यांना दिसतं," ते एकदा म्हणाले. "माझं काम नीट झालं तर काहीच घडत नाही. माझी सगळी कारकीर्द म्हणजे न घडलेल्या गोष्टी आहेत, त्सूयाकु-सान." सुरक्षेच्या कामातही तेच होतं म्हणा. प्रत्येक बटणाकडे, प्रत्येक झाकणाकडे बोट दाखवून ते मोठ्याने 'योशी' म्हणायचे, म्हणजे तपासलं, बरोबर आहे. कामगारांना ही गंमतच मिळाली. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की बोटं सरसावायची. भाकर, योशी. ठेचा, योशी. साहेब लांबून ऐकायचे आणि रागवायचे नाहीत.

कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत कामगार सुटीनंतर फुटबॉल खेळायचे. सुदाम शाळेसाठी शहरात मावशीकडे राहिलेला. आमखास मैदानावर अनवाणी खेळून अर्धी दखनी बोली आणि पूर्ण फुटबॉल तिथंच शिकलेला. साहेबांनी पहिल्या दिवशी बाहेर उभं राहून नुसतं बघितलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तो लांब पायांचा. तो धावत नाही. तो आधीच पोचलेला असतो." तो माझा भाऊ आहे हे मी सांगितलं, तेव्हा माझ्याकडे त्यांनी नव्याने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते मैदानात उतरले. बोलणं कमी, खांद्याला हात लावून अर्धं पाऊल इकडे, अर्धं पाऊल तिकडे. सुदामला माझी गरज लागायचीच नाही. दोघं मुक्याने बोलायचे आणि मी कुंपणाशी उभी राहून शेंगा खायचे. इतक्या आनंदात मी सुदामला त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

त्याच दिवसांत आमच्या नानांनी, म्हणजे चुलत्यांनी, साहेबांना हुरड्याला बोलावलं. कारखान्याने घेऊन उरलेल्या रानात नानांची ज्वारी होती. नाना मचाणावर उभे, हातात गोफण, पाखरांवर ओरडून ओरडून घसा बसलेला. खाली आगटी पेटलेली, सुदाम कणसं चोळून पानावर दाणे टाकत होता, बाजूला गूळ आणि तिळाची चटणी. साहेबांनी मचाणाकडे बघून विचारलं, ते दिवसभर काय करतात? मी म्हटलं, पाखरं येऊ देत नाहीत. बास, एवढंच? एवढंच. नाना खाली आले आणि त्यांनी उलटा सवाल केला, "सायब तिकडं काय करायचे म्हनं?" मला बचावपटू कसा सांगावा सुचेना. आलेल्याला अडवायचं, आपली जागा सोडायची नाही, असं काहीतरी सांगितलं.

"म्हंजी राखन," नाना म्हणाले. "लई वाईट काम. पीक आलं तर पावसाचं नाव व्हतं, गेलं तर राखनदाराचं."

मी ते जपानीत केलं. साहेबांच्या तळहातावर हुरडा तसाच राहिला. त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग उठून नानांसमोर कमरेत वाकले. नाना गडबडले आणि गोफण हातात धरूनच तेही वाकले. त्या दिवशी मला कळलं की जपानीतला 'मामोरु' आणि आपला 'राखणं' एकाच मातीचे आहेत. शेत राखायचं, गोल राखायचा, शब्द राखायचा, सगळ्याला एकच. एवढा अचूक शब्द मला दुभाषी म्हणून पुन्हा कधी सापडला नाही.

शहरातल्या मैदानावर कारखान्यांच्या संघांचे सामने लागले. आमचा संघ एकेक करत अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि गेला तो सुदाममुळे, असं मी म्हणणार नाही, कारण अडवणाऱ्यामुळे कोणी जिंकलं असं कोणी म्हणतच नाही. पण त्या सगळ्या सामन्यांत आमच्या गोलासमोर काही घडलं नव्हतं. मधेच एकदा चहाच्या वेळी कारखान्याचे मोठे साहेब, आपलेच, इथलेच, खुशीत येऊन बोलून गेले होते: कप आणा, संघातल्या कंत्राटी पोरांना कायम करून टाकू. साहेबलोक चहाबरोबर पुष्कळ बोलतात. पण कायम हा शब्द कंत्राटी माणसाला ऐकवू नये. सुदामने तो घरी आणला, आईच्या पुढ्यात ठेवला, आणि आईने लगेच मुली बघायला घेतल्या.

अंतिम सामन्याच्या आधीच्या सामन्यात तो पडला. डावा गुडघा. घरी आईने आंबेहळदीचा लेप लावला, वर फडकं गुंडाळलं. सूज उतरली असं तो म्हणत होता. पण कारखान्यात जिना उतरताना तो कठड्याला धरायचा, हे मी पाहिलं होतं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मागच्या मैदानात साहेबांनी त्याला दगडावर बसवलं, पँट वर करायला लावली आणि अंगठ्याने गुडघा दाबत गेले. सुदाम आभाळाकडे बघत राहिला. पलीकडच्या रानात कुणीतरी आगटी पेटवली होती. साहेब मला म्हणाले, "विचारा त्याला, कसा आहे."

"कसंय रे?"

"चालतंय म्हन."

आता हा 'चालतंय' बघा. आपल्याकडे काय चालत नाही? भाकरी नसली तर भात चालतो. पाणी दोन दिवसांनी आलं तर चालतं. नवरा कसा आहे विचारलं तरी बाई म्हणते, चालतंय. त्यात बरं आहे असतं, बरं नाही असतं, आणि तुम्ही पुढचं विचारू नका असंही असतं. हे सगळं पोटात घेणारा जपानीत एकच शब्द आहे, आणि तो माझ्या तोंडातून विचार न करता निघाला.

"दायजोबु," मी म्हणाले.

साहेबांचा अंगठा थांबला. त्यांनी सुदामची पँट स्वतःच्या हाताने खाली केली, घडी सरळ केली, आणि म्हणाले, "उद्या हा बाहेर बसेल."

परतीच्या गाडीत मी त्यांना कायम होण्याची गोष्ट सांगितली. कंत्राट म्हणजे काय, ते कसं संपतं, सगळं सांगितलं. जमेल तितक्या आर्जवाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नोकरी कंपनी पुढच्या वर्षी देईल. गुडघा कुठलीच कंपनी देत नाही." आणि थोड्या वेळाने, बाहेर बघत, "दायजोबु मीही म्हणालो होतो. तेव्हा मला कोणी बसवलं नाही." तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या देशात बहुतेक ते खरंही असेल.

अंतिम सामना उन्हात झाला. सुदाम स्वेटर घालून रेघेबाहेर खुर्चीवर बसला होता. त्याला तिथं बघून माझ्या मागचा एक म्हातारा सोबत्याला विचारत होता, "उस लंबे कू कायकू बिठाये रे?" त्याचं उत्तर माझ्याकडे दोन भाषांत होतं. त्याच्या जागी उभा राहिलेला मुलगा जिवाच्या आकांताने धावत होता. तो पोचायचा, पण आधी पोचलेला नसायचा. एकच गोल झाला, आमच्यावर, आणि तो त्याच जागेतून झाला. चेंडू आत जाण्याच्या पुष्कळ आधी सुदाम खुर्चीवरून उठला होता. त्याला दिसलं होतं. साहेबांनाही दिसलं होतं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. सगळ्या मैदानात त्या दोघांनाच तो गोल होण्याआधी कळला.

सामना संपल्यावर साहेब सुदामसमोर येऊन वाकले, बराच वेळ वाकून राहिले. "आसू द्या सायब," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, "येतो गं ताई," म्हणून करमाडच्या बसला गेला.

उन्हाळ्याच्या तोंडावर शिरकाव साहेबांची जपानला परत बदली झाली. निघताना फाटकाशी सगळे उभे होते. सुदामसमोर आल्यावर ते खाली बसले, बोट सरळ गुडघ्यावर रोखलं आणि शिकून ठेवलेल्या मराठीत म्हणाले, "गुडघा, योशी." सगळे हसले. सुदाम पण हसला. पावसाळ्याआधी त्याचं कंत्राट संपलं.

कप आणला असता तर तो कायम झाला असता का? देव जाणे. मोठ्या साहेबांना आपण काय बोललो होतो हे आठवतही नसेल. पण सुदामला तसं वाटतं, आणि माणूस जे वाटतं त्यातच जगतो. पुढे त्याने दुकानात काम केलं, टेम्पोवर केलं, आईने बघितलेल्या मुली दुसरीकडे गेल्या. मग आईही गेली. शहराचं नाव बदललं. नानांचं रान आता एका हुरडा पार्टीवाल्याकडे आहे; मचाण अजून आहे, त्यावर चढून लोक फोटो काढतात, आणि गोफण खिळ्याला टांगलेली असते. त्याच रस्त्यावरच्या एका गोदामाच्या फाटकावर सुदाम पहारेकरी आहे. गाडी आली की दांडी उचलायची, गेली की खाली करायची. राखणच. सारा दिवस उठबस करतो, कधी कुरकुर नाही. एवढा निकोप गुडघा साऱ्या करमाडात कुणाचा नसेल.

आणि इतकी वर्षं मी तो एक शब्द चघळत बसले. चुकला नव्हता तो. कुठल्याही परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले असते. पण मी 'दायजोबु'च्या ऐवजी साधं 'दुखत नाही म्हणतो' असं सांगितलं असतं तर? साहेबांची जुनी जखम उघडली नसती, सुदाम खेळला असता. गुडघा गेला असता, मान्य. पण गेलेल्या गुडघ्याचा एक कायम माणूस आज कुठंतरी लंगडत असता. दुसऱ्या कुणाला हे बोलून दाखवलं तर वेडी म्हणतील. मला मात्र या खुळाचा आधार होता. निदान एक जागा अशी होती जिथून सगळं वेगळं होऊ शकलं असतं, आणि ती माझ्या जिभेवर होती.

शिरकाव साहेब दर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी फोन करतात. म्हणून त्या दिवशी मी हुरडा घेऊन सुदामच्या फाटकावर जाते. ते गुडघ्याची चौकशी करतात, सुदाम 'चालतंय' म्हणतो, मी 'दायजोबु' म्हणते, आणि ते समाधानाने हुंकारतात. पहाऱ्याच्या नोकरीचं आम्ही त्यांना कधी सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी फोन त्यांच्या बायकोने केला. म्हणाली, त्यांना आता बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आयुष्यभर डोक्याने चेंडू अडवले, त्याचंही असेल. तिने हे सांगताना माफी मागितली.

यंदा ऊन कलताना फोन वाजला. पुन्हा त्यांची बायकोच. म्हणाली, सकाळपासून दुभाषीबाईंना बोलवा म्हणतायत. मग साहेबांचा आवाज आला, बारीक पण घाईचा, मैदानावरचा.

"त्सूयाकु-सान, उशीर झालाय. उजेड जातोय. त्याचा गुडघा बघितला मी. विचारा त्याला, कसा आहे. उद्या सामना आहे."

मला समजायला थोडा वेळ लागला. सुदाम खुर्चीवर बसून कणीस चोळत होता. "काय म्हनायलेत?" त्याने विचारलं.

"त्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हायेत ते. उद्या फायनल हाय म्हणतात. गुडघा कसाय विचारतात."

सुदामने हातातलं कणीस खाली ठेवलं. फाटकाकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे. माझा भाऊ पन्नाशीला टेकलाय, केस गेलेत. त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, फोनवरून कुणाला दिसणार असल्यासारखी.

"चालतंय म्हन," तो म्हणाला. "खेळतो म्हन."

मी तोंड उघडलं आणि थांबले. या वेळी मला शब्द माहीत होता. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेला.

"अजिबात दुखत नाही म्हणतो," मी स्वच्छ जपानीत म्हणाले. "तो खेळणार आहे."

ते हळू म्हणाले, "दुखत नाही असं म्हणणारच तो. मीही तेच म्हटलं असतं. नाही, त्सूयाकु-सान. उद्या हा बाहेर बसेल."

म्हणजे शब्दाने काही होणारच नव्हतं. मी काहीही बोलले असते तरी त्यांनी त्याला राखलंच असतं.

"काय म्हनले?" सुदामने विचारलं.

"बस म्हणाले."

त्याने मान हलवली. पँट खाली केली, घडी सरळ केली. "बरं म्हन," तो म्हणाला. तेवढ्यात फाटकावर ट्रक आला, आणि तो कशाचाही आधार न घेता झटक्यात उठून दांडी उचलायला गेला.